हातातलं जीपीएस यंत्र घ्यावं का? सोलापूरच्या उन्हात महिनाभर वापरून पाहिलं

विजापूरवेसकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझा आतेभाऊ पुण्यात असतो. पंधरा वर्षं त्यानं सह्याद्री पालथा घातला, आता गुडघे बोलायला लागले म्हणून हातात धरायचं जीपीएस यंत्र विकायला काढलंय. घरचा म्हणून मला ९ हजारांत देतोय, आणि आधी महिनाभर वापरून बघ म्हणालाय. यंत्र घरात आल्या आल्या सौ.चा प्रश्न, "मोबाइलमध्ये असतं की हे. मग हे धोंड कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. महिनाभर त्याचंच उत्तर शोधतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

यंत्र मुठीएवढं. दोन पेन्सिल सेल. पडदा दोन इंचांहून जरासा मोठा, टच नाही, कडेला बटणं. गावाचं नाव टाकायचं तर एकेक अक्षर निवडत बसायचं. 'अक्कलकोट' टाकेपर्यंत माणूस अक्कलकोट रोडला लागलेला असतो.

आधी उन्हाचं सांगतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. मोटारसायकलच्या हँडलवर मोबाइल लावून सकाळी साडेदहाला नळदुर्गला निघालो. बोरामणी येईपर्यंत पडदा इतका मंद झाला की रस्त्याऐवजी त्यात माझंच तोंड दिसायला लागलं. पुढं 'फार तापलोय' अशा अर्थाची पाटी लावून मोबाइलनं अंग टाकलं. झाडाखाली थांबून, गार होऊ देऊन पुन्हा चालू. दोनदा. परतीला दुपारच्या उन्हात हे यंत्र लावलं, तर ऊन जितकं कडक तितका पडदा स्वच्छ! याच्या पडद्यामागे बाहेरचा उजेड परत फेकणारा थर असतो, दिवा लागतो तो फक्त अंधारात. रंग मात्र विटक्या चादरीसारखे. (सोलापुरी नव्हे, दुसरीकडच्या.)

सेल छान टिकतात. रोज सात-आठ तास चालू ठेवून दोन सेलवर तीन दिवस निघाले.

आता फजिती. रविवारी हत्तरसंग कुडलला जायचं ठरलं. भीमा आणि सीनेचा संगम, १०१८ सालचा मराठी शिलालेख, ते शेकडो मुखांचं शिवलिंग, सगळं बघायचं होतं. यंत्रात इंग्रजीत कुडल टाकलं. यंत्र म्हणालं, जवळपास ३०० किलोमीटर, नैर्ऋत्येला. आपलं कुडल तर विजापूर रस्त्यानं मंद्रूपच्या पुढे, सोलापुरातून साधारण ४० किलोमीटरवर. मग डोक्यात उजेड पडला, यानं सिंधुदुर्गातलं कुडाळ धरलंय! इंग्रजी स्पेलिंग दोन्हीचं एकच. अंतराकडे लक्ष गेलं म्हणून वाचलो. हत्तरसंग म्हणून शोधलं तर गावच नाही. शेवटी संगणकावर नकाशा उघडून देवळाचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले आणि यंत्रात भरले. तेव्हा बाण बरोबर तिकडे वळला. पण बाणच. उसातून रस्ता कुठून जातो ते यंत्राला माहीत नव्हतं.

अचूकतेची परीक्षाही घेतली. घराच्या गच्चीचा एकच कोपरा, सात दिवस, रोज सकाळी तिथं उभं राहून खूण साठवायची. सात खुणांतल्या सगळ्यात लांबच्या दोघींत ८ मीटरचं अंतर. बरं वाटलं. मग चाटी गल्लीतून एक चक्कर मारली. घरी येऊन माग, म्हणजे चाललेल्या वाटेची यंत्रातली नोंद, बघितला तर मी चार दुकानांच्या भिंतींतून आरपार गेलेलो. मोबाइलवर मात्र गल्लीच्या बरोबर मधून चाललोय असं दिसत होतं. म्हणजे मोबाइल जास्त अचूक काय?

जाणकारांनी सांगावं. ९ हजार घालावेत का? माझं फिरणं म्हणजे मोटारसायकलवर जुनी देवळं आणि किल्ले, वर्षात एखादा ट्रेक.

शेंगाचटणी

९ हजारांत शेंगा चटणी किती किलो येईल ते मोजायलोय. भाऊ, रस्ता चुकला तर पानटपरीवर विचारायचं की. फुकट सांगतात, वर चहा पाजतात.

विजापूरवेसकर

विचारलं होतं. तिघांनी तीन दिशा दाखवल्या. चहा मात्र पाजला, खोटं का बोला.

पार्क_चौक

मोबाइलची बाजू मांडतो. बऱ्याच जणांना वाटतं की रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नसतं. उपग्रहाचा सिग्नल पकडायला इंटरनेट लागत नाही, सिमसुद्धा लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला. नकाशा आधीच घरच्या वायफायवर उतरवून ठेवला तर विमान मोडमध्येही निळा ठिपका चालत राहतो.

गूगल मॅप्सचा उतरवलेला नकाशा मुदतीनं शिळा होतो आणि ऑफलाइन असताना तो फक्त गाडीचा रस्ता सांगतो, पायी किंवा सायकलचा नाही. म्हणून मी ऑस्मअँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप ठेवतो. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या फुकट नकाशावर चालतात, सगळा महाराष्ट्र मावतो, पायवाटाही पुष्कळ असतात. पैसे शून्य. २ हजारांची पॉवर बँक घ्या, ७ हजार वाचवा.

चाटी गल्लीचं कोडं सोपं आहे. मोबाइलमधलं ॲप तुम्हाला ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतं. त्याला चूक झालेली असतेच, ते दाखवत नाही इतकंच. तुमचं यंत्र बिचारं खरं बोललं.

निवृत्त_मोजणीदार

पार्क चौक यांच्याशी बव्हंशी सहमत. नोकरीत असताना आम्ही साखळी ओढत, थिओडोलाइट खांद्यावर घेऊन जिल्हा मोजला. हातात पहिलं जीपीएस आलं तेव्हा अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम खोट घालत असे. एकाच दगडावर उभं राहिलं तरी आकडा शंभर-शंभर मीटर फिरायचा. २ मे २००० ला ती खोट काढली, आणि तेव्हापासून ही यंत्रं खऱ्या अर्थानं सामान्य माणसाच्या कामाची झाली.

चाटी गल्लीत जे झालं त्याचं मूळ कारण म्हणजे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो. यंत्र वेळेवरून अंतर काढतं, वेळ वाढला की अंतर वाढतं. उलट आपलं माळरान म्हणजे जीपीएसचं माहेर. चारी बाजूंनी क्षितिजापर्यंत आभाळ मोकळं. इथं कुठलंही यंत्र चांगलंच वाटणार. त्याची खरी परीक्षा सह्याद्रीच्या घळीत किंवा दाट झाडीत.

जुनं यंत्र घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, तारीख. जीपीएसची जुनी पद्धत आठवडे ० ते १०२३ मोजते आणि पुन्हा शून्यावर येते. असा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पूर्ण झाला. ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सुधारलेलं नाही ती १९ वर्षं मागची तारीख दाखवू शकतात. जागा कदाचित बरोबर सांगतील, पण साठवलेल्या प्रत्येक मागावर खोटी तारीख पडेल.

दुसरी, अंश लिहायची पद्धत. यात चांगले शिकलेले लोक गोते खातात. सोलापूर १७ अंश ४० मिनिटं उत्तर, ७५ अंश ५५ मिनिटं पूर्व. हेच कुणी १७.४० आणि ७५.५५ असं दशांशात भरलं तर तुम्ही जवळपास ५० किलोमीटर दूर, मंगळवेढ्याच्या दक्षिणेच्या रानात जाऊन पडाल. ४० मिनिटं म्हणजे अंशाचे दोन तृतीयांश, दशांशात १७.६७. मेनूत जी पद्धत निवडली आहे त्याच पद्धतीत आकडे भरायचे.

तिसरी, सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट, म्हणजे छापील नकाशे, वापरणार असाल तर. पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात; ते नकाशे एव्हरेस्ट पद्धतीवर बेतलेले आहेत, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर. मेनूत न बदलता आकडे जुळवले तर आपल्या भागात शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. भीमेच्या काठी तेवढ्यात माणूस नदीत उभा दिसेल.

विजापूरवेसकर

काका, दंडवत! आत्ता जाऊन तारीख बघितली, आजचीच आहे. पण एक शंका. आतेभावानं दिलं त्या दिवशी पहिल्यांदा चालू केलं तर दहा-बारा मिनिटं नुसतं 'शोधतोय, शोधतोय'. मला वाटलं गंडवलं. आता मिनिटाच्या आत पकडतं.

निवृत्त_मोजणीदार

किती महिने बंद होतं ते विचारा. प्रत्येक उपग्रह आपला स्वतःचा अचूक पत्ता दर ३० सेकंदांनी सांगत असतो, तो पुरता ऐकल्याशिवाय त्या उपग्रहाचा उपयोग नाही. आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. वेग सेकंदाला ५० बिट, बैलगाडीच म्हणा. मोबाइलला हे पंचांग इंटरनेटवरून क्षणात मिळतं म्हणून तो चटकन जागा दाखवतो. तुमचं यंत्र ठीक आहे. लांबच्या गावी गेल्यावर आधी मोकळ्यावर ठेवा, चहा घ्या, मग निघा.

हायवे_६५

माझ्या चार गाड्या आहेत टुरिस्टच्या. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर हेच रोजचं. पूर्वी काचेला चिकटवायचं गाडीतलं यंत्र घेतलं होतं, 'टर्न लेफ्ट' म्हणणारं. नकाशा जुना झाला आणि ते डबडं झालं. नवा बायपास झाला की ते म्हणायचं तुम्ही शेतात आहात. आता ड्रायव्हर पोरं मोबाइलच लावतात.

एक मुद्दा कुणी मांडला नाही. आषाढीला पालख्यांमुळं रस्ते वळवतात, कोजागरीला तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी जड वाहनं दुसरीकडून सोडतात. हे या हातातल्या यंत्राला कोण सांगणार? गर्दी, अपघात, वळवलेला रस्ता, हे सगळं फक्त इंटरनेटवाल्यालाच कळतं. गाडी चालवायची असेल तर ९ हजार पाण्यात.

आणि हो, टॅक्सी-बसला जे जीपीएस सरकारी नियमानं बसवावं लागतं ते वेगळं. ते मालकाला गाडी कुठं आहे ते सांगतं, ड्रायव्हरला रस्ता नाही. आमच्याकडं येऊन लोक दोन्हीची गल्लत करतात.

माळरानी

मी पक्षी बघायला फिरते, नान्नजला आणि आसपासच्या गवताळ भागात. सहा वर्षं असंच यंत्र वापरतेय, म्हणून सांगते. याचा उपयोग रस्ता शोधायला करूच नका, त्यासाठी ते केलेलंच नाही. उपयोग आहे तो आपण कुठून आलो हे लक्षात ठेवायला. माळावर सगळीकडे सारखंच दिसतं. संध्याकाळी अंधारून आलं की गाडी कुठं लावली ते कळत नाही. गाडीपाशी खूण साठवायची, माग चालू ठेवायचा, आणि परतताना 'आल्या वाटेनं परत' हा पर्याय. एवढ्या एका गोष्टीसाठी माझे पैसे वसूल झालेत. शिवाय हातातून खडकावर पडलं, पावसात भिजलं, काही झालं नाही. माझा तिसरा मोबाइल चालू आहे तोवर.

हवेत असतील तर सूचना दोन. सेल रिचार्जेबल टाका, पण मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचा आकडा खोटा दाखवतं. आणि पावसाळाभर ठेवून देणार असाल तर सेल बाहेर काढा. माझ्या मैत्रिणीच्या यंत्रात सेल फुटून सगळं हिरवं झालं.

आणि विनंती एक. कोल्ह्या-लांडग्यांच्या घळी, पक्ष्यांची घरटी यांचे अक्षांश-रेखांश कधीही ग्रुपवर टाकू नका. फोटोत लपलेले आकडेही काढून मगच फोटो टाका. एकानं टाकलं की पुढच्या रविवारी तिथं सहा गाड्या उभ्या असतात.

पार्क_चौक

माळरानी ताई, माग साठवायचं काम मोबाइलही करतो.

माळरानी

करतो. दुपारी दोनपर्यंत. पुढं तो आणि मी दोघं सावली शोधतो.

चादरवाला

नकाशाचं मी सांगतो. गारमिनच्या यंत्रात चालतील असे ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे फुकट उतरवता येतात, कार्डावर टाकायचे. त्यांच्या ई-ट्रेक्स २२एक्स, ३२एक्स या मॉडेलांना कार्डाची जागा आहे. ३२एक्सला हवेच्या दाबावर उंची मोजायची सोय आणि होकायंत्रही आहे, २२एक्सला नाही. म्हणजे २२एक्सचा बाण तुम्ही चालत असाल तरच दिशा बरोबर दाखवतो, उभे राहिलात की भरकटतो. धागाकर्त्यांचं कुठलं मॉडेल ते विचारत नाही, पण जागेवर उभं राहून गोल फिरा आणि बाण बघा. लगेच कळेल.

आणि हत्तरसंग नकाशात नव्हतं म्हणून रडू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून गावं, देवळं, रस्ते आपल्याला स्वतःला भरता येतात, मराठीत नाव देता येतं. मी आमच्या तालुक्यातल्या बारा वाड्या भरल्या. चादरी विकून उरलेल्या वेळात.

बाळे_नाका

माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिकडून आणतो, त्यात रेंज नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवायची सोय असते. आणू देऊ का?

निवृत्त_मोजणीदार

नको. नुसतं जीपीएस म्हणजे रेडिओसारखं, फक्त ऐकतं. त्याला आडकाठी नाही. पण उपग्रहावर मेसेज पाठवणारं यंत्र, सॅटेलाइट फोन, हे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावर परदेशी पाहुणे यावरून अडकल्याच्या बातम्या येतात. मुलाला आजच फोन करा.

बाळे_नाका

बापरे. केला. म्हणाला, बरं झालं विचारलंस.

स्वदेशी_७

सगळे अमेरिकेच्याच मागं लागलेत. आपलं नाविक आहे ना, भारताचं स्वतःचं जीपीएस! ७ उपग्रहांची आखणी, भारत आणि भोवतालचे दीड हजार किलोमीटर. ते का वापरत नाही?

चादरवाला

वापरतो, न कळत. नव्या बऱ्याच मोबाइलमध्ये नाविक आहे. जुन्या हातातल्या यंत्रांत नाही, कारण नाविक सुरुवातीला वेगळ्या लहरींवर चालत होतं आणि त्यांचे कान त्या लहरींना बंद. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून जीपीएसच्याच एल१ लहरींच्या पट्ट्यावरही सिग्नल देणं सुरू झालं, म्हणजे पुढं स्वस्त यंत्रांतही येईल. धागाकर्त्यांच्या नऊ हजारांच्या प्रश्नाला याचा उपयोग नाही.

शेंगाचटणी

एवढं वाचून डोकं तापलं. माझाही पडदा मंद व्हायलाय.

विजापूरवेसकर

सगळ्यांचे आभार. चादरवाले, जागेवर गोल फिरलो. बाण फिरला. म्हणजे होकायंत्र आहे! शेजारचे मात्र खिडकीतून बघत होते.

फुकटचा नकाशा कार्डावर टाकला. हत्तरसंग आलं, देऊळही आलं. परवा पुन्हा जाऊन आलो. भीमेच्या काठी मोबाइलनं 'कर्नाटकात आपले स्वागत आहे' असा मेसेज दिला आणि रेंज सोडली, यंत्र शांतपणे चालू. जाताना उसात दोनदा चुकलो, परतताना 'आल्या वाटेनं परत' लावलं तर त्या दोन चुकासुद्धा जशाच्या तशा गिरवून घेतल्या त्यानं.

आतेभावाशी बोललो. साडेसात हजारांवर आलाय. सौ. अजून तिच्या प्रश्नावर ठाम.

हायवे_६५

सहा म्हणा. सोलापूरचा माणूस पुणेकराला साडेसात देतो म्हणजे काय!

विजापूरवेसकर

पाच महिन्यांनी धागा वर काढतोय.

यंत्र घेतलं, सात हजारांत. पण ते आता माझं राहिलेलं नाही. सौ. आणि तिच्या आठ मैत्रिणी दर वर्षी कोजागरीला रात्रभर चालत तुळजापूरला जातात. या वर्षी निघताना तिनं आपणहून मागितलं. कारण साधं. रात्रभर मोबाइलचा टॉर्च आणि घरचे फोन, पहाटे नेमके सगळ्यांचे मोबाइल मान टाकतात, आणि मग किती राहिलं ते कुणालाच कळत नाही. यंत्र तिनं पिशवीच्या पट्ट्याला बांधलं. रात्रभर दर अर्ध्या तासानं 'अजून किती' याचं उत्तर देत गेली. पोचल्यावर सगळ्यांचा फोटो त्या यंत्रासकट.

आता भांडण वेगळंच. आमच्या दारापासून देवळापर्यंत गाडीच्या मीटरवर ४६ किलोमीटर भरतं. यंत्रानं ४९.३ दाखवलं. काका, असं कसं?

निवृत्त_मोजणीदार

वाटेत बसल्या होत्या का? चहा, फराळ, पाय चेपणं? माणूस बसलेला असतो, पण यंत्रातला ठिपका चार-सहा मीटर इकडेतिकडे हलतच असतो आणि ते सगळं चालण्यात जमा होतं. रात्रभराच्या पाच-सहा बैठकांत दोन-तीन किलोमीटर सहज वाढतात. बसलं की माग थांबवायचा, उठलं की सुरू करायचा. ४६ धरा.

विजापूरवेसकर

सांगून बघितलं. नऊही जणी म्हणतात पायांत गोळे आलेत ते ४९.३ चेच आहेत, आणि काकांनी पुढच्या कोजागरीला सोबत यावं.